जर्मन शिकण्यासाठी एक सेमिस्टर जर्मनीत: कधी जावं, कुठे जावं, काय पदरात पडतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: बीए जर्मनचं दुसरं वर्ष चालू आहे, बी1 झालं आहे (भाषेच्या पातळ्या ए1 पासून सी2 पर्यंत चढत जातात, बी1 मधली), एक सेमिस्टर जर्मनीतल्या विद्यापीठात काढायचं आहे. भाषा खरंच सुधारते का, खर्च किती येतो, तयारी कधी सुरू करावी आणि तिथे कोणते विषय घ्यावेत?

जरूर जा. पण एक गोष्ट आधीच पक्की करून ठेवा. जर्मनीत सहा महिने राहून आलेल्या दोघांच्या जर्मनमध्ये जमीन-अस्मानाचा फरक दिसतो, आणि त्याचं कारण हुशारी क्वचितच असतं. दिवसातले किती तास जर्मनमध्ये गेले यावर सगळं अवलंबून असतं. ते तास बऱ्याच अंशी इथेच, अर्ज भरताना ठरतात: गाव कोणतं निवडलं, खोली कुठे घेतली, विषय कोणते लिहिले. म्हणून पुढची सगळी माहिती या एकाच कसोटीवर लावून वाचा.

आधी पातळीबद्दल. बी1 पूर्ण असणं हा जाण्यासाठीचा किमान टप्पा समजा. बी2 अर्धं झालेलं असेल तर उत्तम. ए2 वर गेलेला विद्यार्थी पहिल्या आठवड्यातच इंग्रजीचा आधार घेतो आणि तो आधार मग सुटत नाही, कारण ओळखी इंग्रजीत झालेल्या असतात आणि एकदा एका भाषेत जमलेलं नातं दुसऱ्या भाषेत नेणं फार अवघड असतं. गोएथे-इन्स्टिट्यूटच्या ढोबळ अंदाजाप्रमाणे बी1 पर्यंत 350 ते 650 आणि बी2 पर्यंत 600 ते 800 तासिका लागतात. तासिका 45 मिनिटांची. म्हणजे बी1 वरून बी2 ला जायला साधारण 150 ते 250 तासिका धरा. आता सेमिस्टरमध्ये किती मिळतात ते बघा. वर्ग सुरू होण्याआधीचा चार आठवड्यांचा सघन वर्ग, आठवड्याला 20 ते 25 तासिका, म्हणजे 80 ते 100. नंतर सेमिस्टरभर आठवड्याला सहा तासिकांचा भाषावर्ग, 14 आठवडे, म्हणजे 84. बेरीज 165 ते 185 च्या आसपास. उरलेली भर जेवणाच्या टेबलावर, सेमिनारमध्ये आणि स्वयंपाकघरात पडते. त्यामुळे बी1 वरून बी2 हे एका सेमिस्टरचं रास्त उद्दिष्ट आहे. बी2 वरून सी1 होऊ शकतं, पण त्याला लेखनावर वेगळी मेहनत लागते. याहून मोठी आशा धरून जाऊ नका.

वेळापत्रकाचा घोळ इथल्या मुलांना सगळ्यात जास्त नडतो. जर्मन विद्यापीठांत हिवाळी सेमिस्टर 1 ऑक्टोबर ते 31 मार्च आणि उन्हाळी 1 एप्रिल ते 30 सप्टेंबर असं कागदावर असतं. प्रत्यक्ष वर्ग हिवाळ्यात ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत, आणि उन्हाळ्यात एप्रिलच्या मध्यापासून जुलैच्या मध्या-अखेरीपर्यंत चालतात. आपल्याकडची सत्रं जून-जुलैला आणि डिसेंबर-जानेवारीला सुरू होतात. म्हणजे जर्मन हिवाळी सेमिस्टर आपल्या दोन सत्रांवर पाय ठेवून उभं असतं: इकडच्या विषम सत्राची परीक्षा बुडते आणि सम सत्राचा मोठा भाग जातो. उन्हाळी सेमिस्टरमध्ये एप्रिल-मे मधली परीक्षा आडवी येते. यावर दोनच रस्ते आहेत. एक, कॉलेज आणि विद्यापीठ यांच्याकडून आधीच लेखी घ्यायचं की तिथले कोणते विषय इथे धरले जातील आणि बुडालेली परीक्षा कधी देता येईल. दुसरा, बीए आणि एमए यांच्या मध्ये जायचं. मात्र पदवी झाल्यावर तुमची नोंदणी कुठे राहते हे बघा, कारण करारावर जाणारा विद्यार्थी घरच्या विद्यापीठात नोंदलेला असावा लागतो. विभागप्रमुखांच्या तोंडी ‘बघू, करू’ वर विसंबू नका. परत आल्यावर त्या जागी दुसरं कोणी बसलेलं असू शकतं.

जाण्याचे मार्ग चार, आणि ते एकमेकांत मिसळू नका.

पहिला आणि सगळ्यात चांगला म्हणजे विद्यापीठांमधल्या देवाणघेवाण करारावर जाणं. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमधला परकीय भाषा विभाग, मुंबईत कालिन्याचा जर्मन विभाग, किंवा तुमच्या कॉलेजचं आंतरराष्ट्रीय कार्यालय, जिथे तुमचा प्रवेश असेल तिथे सध्या कोणते करार जिवंत आहेत ते विचारा. ‘जिवंत’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. फाइलमध्ये असलेला करार आणि यंदा जागा देणारा करार या दोन वेगळ्या गोष्टी असतात. करारावर शिक्षणशुल्क माफ असतं. दुसरा मार्ग म्हणजे करार नसताना स्वतंत्रपणे एक-दोन सेमिस्टरपुरता प्रवेश घेणं. काही विद्यापीठं तो देतात, पण इथे राज्य बघावं लागतं. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये, म्हणजे हायडेलबर्ग, ट्युबिंगन, फ्रायबुर्ग, श्टुटगार्ट इथे, 2017-18 च्या हिवाळी सेमिस्टरपासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला 1,500 युरो शुल्क आहे. करारावर येणाऱ्यांना ते लागत नाही. हे राज्य आणि महाराष्ट्र यांची भागीदारी आहे, आणि तिथल्या विद्यापीठांत करारावर जाणाऱ्यांसाठी बाडेन-व्युर्टेम्बर्ग शिष्यवृत्तीही आहे. तिच्यासाठी नाव तिकडचं विद्यापीठ सुचवतं, म्हणून करार पक्का झाला की त्यांच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला लगेच विचारा.

तिसरा मार्ग भाषावर्गाच्या व्हिसाचा. यात आठवड्याला किमान 18 तासिकांचा सघन वर्ग लागतो, संध्याकाळचे किंवा शनिवार-रविवारचे वर्ग चालत नाहीत. व्याकरण पक्कं होतं, पण वर्गात सगळे परदेशी असतात. जर्मन विद्यार्थी भेटत नाहीत, आणि तुमचा विषयच जर्मन असेल तर हा मोठा तोटा आहे. चौथा मार्ग उन्हाळी वर्गाचा: तीन-चार आठवडे, जुलै ते सप्टेंबर. त्यासाठी डाड (DAAD) या शैक्षणिक देवाणघेवाणीचं काम करणाऱ्या जर्मन संस्थेच्या शिष्यवृत्त्या असतात. सेमिस्टर जमत नसेल तर हा मार्ग चांगला आहे, पण त्याला सेमिस्टरची सर नाही.

आता गाव. बर्लिनचं आकर्षण सगळ्यांना असतं. भाषेसाठी जाणाऱ्याने ते बाजूला ठेवावं असं माझं स्पष्ट मत आहे. बर्लिनच्या मधल्या भागात कॉफीसुद्धा इंग्रजीत मागता येते, खोली मिळणं दुरापास्त असतं आणि विद्यार्थी शहरभर विखुरलेले असतात. म्युनिकमध्ये भाडंच कंबर मोडतं. मारबुर्ग, ग्योटिंगन, येना, ट्युबिंगन, बायरॉइट अशी विद्यापीठाची गावं बघा. तिथे गावच विद्यापीठाभोवती फिरतं, वर्गातली मुलं संध्याकाळी पुन्हा रस्त्यात भेटतात आणि बेकरीतल्या बाई तिसऱ्या दिवशी ओळखतात. लाइपझिग थोडं मोठं आहे, पण तिथल्या विद्यापीठाचं हेर्डर-इन्स्टिट्यूट 1956 पासून परदेशी विद्यार्थ्यांना जर्मन शिकवण्याचं काम करत आलं आहे, आणि तुम्हाला पुढे जर्मन शिकवायचं असेल तर त्याचा विचार जरूर करा. बोलीभाषेची धास्ती घेऊ नका. ट्युबिंगनला दुकानात श्वाबियन कानावर पडेल, बायरॉइटला फ्रँकिश. पहिले तीन आठवडे गोंधळ होतो. विद्यापीठात मात्र सगळीकडे प्रमाण जर्मनच असते.

करारावर जात असाल तर कॅलेंडर साधारण असं चालतं. हिवाळी सेमिस्टरसाठी तुमचं नाव घरच्या विद्यापीठाने एप्रिल-मे मध्ये कळवायचं असतं, उन्हाळी सेमिस्टरसाठी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. त्यानंतर तुम्ही स्वतः अर्ज भरता: गुणपत्रिका, भाषेचा दाखला, आणि ‘लर्निंग अॅग्रीमेंट’ नावाचा कागद, ज्यावर तिथे घ्यायचे विषय लिहून दोन्ही विद्यापीठांच्या सह्या होतात. घरच्या विभागाशी बोलणं त्याआधी तीन-चार महिने सुरू झालेलं हवं. म्हणजे ऑक्टोबरमध्ये जायचं असेल तर आदल्या डिसेंबरात हालचाल सुरू करायची. अर्जातच वसतिगृहाच्या खोलीची चौकट असते, ती भरायला विसरू नका. खोली वाटणारं श्टुडीरेंडेनवेर्क विद्यापीठापासून वेगळं असतं आणि त्याची मुदतही कधी कधी वेगळी असते.

व्हिसासाठी महाराष्ट्र आणि गोव्याच्या रहिवाशांना मुंबईची जर्मन वकिलात आहे. 90 दिवसांहून जास्त राहायचं म्हणून राष्ट्रीय व्हिसा लागतो, शुल्क 75 युरो. एपीएस, म्हणजे भारतीय गुणपत्रिका-पदव्या तपासणारं जर्मन कार्यालय. त्याचं प्रमाणपत्र 1 नोव्हेंबर 2022 पासून भारतीय विद्यार्थ्यांना विद्यार्थी-व्हिसासाठी सक्तीचं झालं, त्याचं शुल्क 18,000 रुपये. काही गटांना त्यातून सूट आहे. करारावर एकाच सेमिस्टरसाठी जाणाऱ्याने आपल्या प्रकरणात ते लागतं का, हे एपीएस आणि वकिलात दोघांना ईमेल करून लेखी उत्तर घ्यावं आणि ते उत्तर अर्जाला जोडावं. आदल्या वर्षी गेलेल्या सीनियरचं ऐकून निर्णय घेऊ नका, हे नियम बदलत राहतात.

पैशांचा पुरावा म्हणून बहुतेक जण श्पेरकॉन्टो, म्हणजे गोठवलेलं खातं, उघडतात. सप्टेंबर 2024 पासून महिन्याला 992 युरो, वर्षाला 11,904 युरो असा दर आहे. सहा महिन्यांसाठी 5,952 युरो. हिशेबाला युरोचे 100 रुपये धरा, प्रत्यक्षात थोडे जास्तच पडतात; म्हणजे सहा लाखांच्या आसपास. हा सगळा खर्च नव्हे, यातूनच महिन्याचा खर्च भागवायचा असतो. लहान गावात वसतिगृहाची खोली 250 ते 400 युरो, आरोग्यविमा 140 ते 150, खाणंपिणं 200 च्या घरात, फोन दहा-पंधरा, वरकड शंभर. काटकसरीने 992 मध्ये भागतं. याच्या वेगळे काढून ठेवायचे पैसे म्हणजे विमानाचं तिकीट, सेमिस्टरचं अंशदान, खोलीची अनामत, आणि हिवाळ्यात गेलात तर कपडे. अंशदान साधारण 100 ते 350 युरो असतं आणि बऱ्याच ठिकाणी त्यातच बस-रेल्वेचं तिकीट येतं.

इथे हमखास फसगत होते ती पहिल्या महिन्याची. गोठवलेल्या खात्यातले पैसे तिकडचं चालू खातं उघडल्यावरच सुटायला लागतात, आणि चालू खात्यासाठी अनेक बँकांना पत्त्याची नोंदणी लागते. नोंदणीला अपॉइंटमेंट लागते. म्हणजे पहिले तीन-चार आठवडे हातात काहीच येत नाही, आणि नेमकं त्याच वेळी भाडं, अनामत आणि अंशदान भरायचं असतं. फॉरेक्स कार्डावर 1,200 ते 1,500 युरो वेगळे घेऊन जा. खोली खाजगीत शोधत असाल तर खोली न बघता, करार न करता एक पैसाही पाठवू नका. ‘मी सध्या परदेशात आहे, अनामत पाठवा, किल्ली कुरिअरने देतो’ असं लिहिणारा प्रत्येक माणूस फसवा असतो.

तिथे पोहोचल्यावरचे पहिले दोन आठवडे कागदपत्रांचे. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करायची असते. त्यासाठी घरमालकाने किंवा वसतिगृहाने सही केलेला ‘राहायला आला आहे’ असा दाखला लागतो. भाडेकरार चालत नाही, हाच दाखला लागतो. तो खोलीची किल्ली घेतानाच मागा. अपॉइंटमेंट भारतातून निघण्याआधीच ऑनलाइन बघून ठेवा, मोठ्या शहरांत त्या आठवडेच्या आठवडे भरलेल्या असतात. विम्याचं काम असं चालतं: तीस वर्षांखालच्या विद्यार्थ्याने एखाद्या सरकारमान्य आरोग्यनिधीत नाव घालायचं, मग तो निधी विद्यापीठाला तुमच्या विम्याची नोंद थेट संगणकावरून कळवतो. ही नोंद पोहोचल्याशिवाय प्रवेश पूर्ण होत नाही, आणि प्रवेश पूर्ण झाल्याशिवाय विषयांची नोंदणी उघडत नाही. प्रवासातल्या दिवसांसाठी वेगळा प्रवासविमा इथूनच काढा. नोंदणीनंतर काही आठवड्यांत रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र येईल, महिन्याला 18.36 युरो. ते खरं आहे, फेकून देऊ नका. पण ते एका घरामागे एकच असतं. घरात आधीच कोणी भरत असेल तर त्याचा क्रमांक कळवा.

ही सगळी कामं जर्मनमधून करा. नोंदणी कार्यालयात काय विचारणार हे आधीच माहीत असतं: नाव, जन्मतारीख, जन्मगाव, धर्म, आधीचा पत्ता. उत्तरं घरी म्हणून बघा आणि जा. हा सरावाचा सगळ्यात स्वस्त तास आहे.

विषय निवडायच्या आधी बहुतेक ठिकाणी पातळी ठरवणारी चाचणी असते, आणि ती बरेचदा सी-टेस्ट असते. चार-पाच छोटे उतारे देतात. पहिलं वाक्य पूर्ण असतं, दुसऱ्या वाक्यापासून प्रत्येक दुसऱ्या शब्दाचा मागचा अर्धा भाग उडवलेला असतो, तो तुम्ही भरायचा. एका उताऱ्याला पाचेक मिनिटं मिळतात. इथे मुलं अडखळतात ती शब्द माहीत नसल्याने नव्हे. शब्द ओळखतात, पण विशेषणाचं शेवटचं अक्षर किंवा क्रियापदाचा प्रत्यय चुकतो आणि तो शब्द पूर्णच चुकीचा धरला जातो. त्यामुळे जायच्या आधी महिनाभर रोज एक उतारा घ्या, अर्धे शब्द पेनाने खोडा, दुसऱ्या दिवशी भरा. तयारीचा याहून चांगला मार्ग नाही. आणि चाचणीत कोणाची मदत घेऊन वरचा वर्ग मिळवू नका; सी1 च्या वर्गात बी1 चा विद्यार्थी सेमिस्टरभर गप्प बसतो.

आता विषय. सेमिस्टरचं पूर्ण ओझं 30 ईसीटीएस, म्हणजे युरोपातले श्रेयांक, धरलेलं असतं आणि एका ईसीटीएसला 25 ते 30 तासांचं काम. जर्मन विद्यार्थीसुद्धा 30 भरताना दमतात. तुम्ही 18 ते 22 घ्या, तेवढ्यावर इथे मान्यता मिळेल असं आधीच ठरवा. एक चांगलं वेळापत्रक असं दिसतं: आठवड्याला सहा तासिकांचा भाषावर्ग, लेखनाची एक युबुंग, म्हणजे सरावाचा तास, जिथे दर आठवड्याला लिहिलेलं तपासून मिळतं, उच्चारांची एक युबुंग, जर्मन साहित्याचं किंवा भाषाशास्त्राचं एक पहिल्या पातळीचं सेमिनार, आणि एक फोरलेझुंग, म्हणजे व्याख्यान, जे परीक्षा न देता नुसतं ऐकायचं. सेमिनार नेहमीच्या जर्मन विद्यार्थ्यांचं घ्या, परदेशी विद्यार्थ्यांसाठी वेगळं काढलेलं नको. विद्यापीठ तुम्हाला इंग्रजीतल्या विषयांची लांबलचक यादी पाठवेल, त्यात दिवस आणि वेळ सोयीची असेल, गुणही सहज मिळतात. ती यादी बंद करून ठेवा. एक इंग्रजी विषय म्हणजे आठवड्यातले दीड तास आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या विषयातले सगळे मित्र इंग्रजीचे.

वेळापत्रकात वेळेपुढे ‘त्से टे’ ही अक्षरं दिसली तर वर्ग पंधरा मिनिटं उशिरा सुरू होतो. ‘एस टे’ दिसली तर बरोबर त्या वेळेला. पहिल्या आठवड्यात चार-पाच सेमिनारांना बसून बघा आणि मग एक निवडा. पहिल्या तासाला शिक्षक काय अपेक्षा आहेत ते सांगतात. त्याच तासाला शिक्षकांना भेटून ‘मी देवाणघेवाणीवर आहे, मला किती गुण हवेत’ हे सांगा. परदेशी विद्यार्थ्यांना कधी कधी लेखी परीक्षेऐवजी तोंडी परीक्षा किंवा छोटा निबंध मिळू शकतो, पण तो सेमिस्टरच्या सुरुवातीला मागितला तर. आणि विषयाची नोंदणी व परीक्षेची नोंदणी या दोन वेगळ्या नोंदण्या आहेत. सेमिस्टरच्या मधे परीक्षेच्या नोंदणीची एक खिडकी उघडते आणि बंद होते. ती चुकली की वर्गाला सगळे दिवस बसूनही हाती शून्य येतं. दरवर्षी कोणी ना कोणी यात अडकतंच.

सेमिनारमध्ये बोलायची भीती ही खरी अडचण आहे. जर्मन विद्यार्थी चर्चेत भराभर बोलतात, तुमचं वाक्य मनात जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. उपाय असा: आधीच्या रात्री वाचनातल्या मजकुरावर दोन वाक्यं लिहून ठेवायची, एक प्रश्न आणि एक मत. तासाच्या पहिल्या दहा मिनिटांत हात वर करून त्यातलं एक बोलून टाकायचं. पहिल्या दहा मिनिटांत चर्चा अजून मजकुराला धरून असते, म्हणून तुमचं तयार वाक्य तिथे बसतं. नंतरची फाटे फुटलेली चर्चा नुसती ऐका. पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून न लिहिता बोलता यायला लागतं.

रेफराट, म्हणजे पंधरा-वीस मिनिटांचं सादरीकरण, एक तरी घ्याच, आणि जोडीने घ्या, जर्मन विद्यार्थ्याबरोबर. तयारीसाठी तीन-चार वेळा भेटावं लागतं आणि त्या भेटीच सगळ्यात जास्त शिकवतात. शेवटचा निबंध, हाउसआर्बाइट, साधारण दहा ते पंधरा पानांचा असतो आणि हिवाळी सेमिस्टरसाठी बहुतेक मार्चअखेरपर्यंत द्यायचा असतो. फेब्रुवारीतच परतणार असाल तर एकच घ्या. भारतात आल्यावर तिकडची पुस्तकं नसतात, इथलं सत्र सुरू झालेलं असतं आणि निबंध राहूनच जातो. वर्ग संपण्याआधी शिक्षकांच्या भेटीच्या वेळेत जाऊन विषय आणि आराखडा पक्का करा, पुस्तकांतली पानं स्कॅन करून ठेवा. विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांचं लेखन तपासून देणारं सल्लाकेंद्र असतं, तिथे निबंधाची दोन पानं तरी दाखवा. चूक लाल करून दाखवली की आर्टिकल कायमचं लक्षात राहतं.

मराठी बोलणाऱ्याच्या जिभेबद्दल थोडं, कारण उच्चाराची युबुंग घेतली तर नेमकं काय मागायचं हे माहीत हवं. ‘त्स’ आपल्याला फुकट मिळतो. ‘चारा’ आणि ‘चोच’ मधला दंत्य च म्हणजेच जर्मन झेड. तोंड गोल करून म्हणायचे दोन उमलाउट मात्र वेळ घेतात, आणि ते चुकले तर अर्थ बदलतो: ग्रंथालयात छापायचं आहे की दाबायचं आहे, हा फरक ‘ड्रुकन’ आणि ‘ड्र्युकन’ एवढाच. ‘इच्छा’तला च नाही, ‘इश’ही नाही, ‘इख’ही नाही असा जो ‘मी’साठीच्या जर्मन शब्दाचा शेवटचा उच्चार आहे, त्यासाठी ‘य’ म्हणताना जीभ जिथे असते तिथेच ठेवा आणि आवाज न काढता हवा सोडा. हा जमला नाही तर जर्मनमध्ये ‘चर्च’ म्हणायला जाता आणि ‘चेरी’ होतं. आणखी एक चूक आपल्याला ऐकूच येत नाही: शब्दाच्या सुरुवातीचे प, ट, क जर्मनमध्ये थोड्या श्वासाने, फ-ठ-ख कडे झुकवून म्हणतात. आपला कोरडा ‘पाकन’ त्यांना ‘बाकन’ ऐकू येतो, बांधणं राहिलं बाजूला, भाजणं होतं.

व्याकरणात मराठीचा उपयोग करून घ्या. गौण वाक्यात क्रियापद शेवटी टाकणं मराठी माणसाला सहज यायला हवं, कारण आपलं क्रियापद शेवटीच असतं. अडचण होते ती मनात इंग्रजी वाक्य बांधून ते जर्मनमध्ये उतरवल्याने. आकड्यांचंही तसंच, ‘एकवीस’मध्ये एक आधी आणि वीस नंतर, जर्मनमध्येही तेच. फोन नंबर लिहून घेताना इंग्रजीतून गेलात तर 21 चे 12 होतात. वेळेला मात्र सावध राहा: ‘हाल्ब आख्ट’ म्हणजे साडेसात, साडेआठ नव्हे.

तास जर्मनमध्ये घालवायचे तर लोक हवेत. आज जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांत सर्वांत मोठा गट भारतीयांचा आहे. जेवणाला, सणाला, आजारपणात त्यांचा आधार लागतोच आणि तो घ्यावा. गणपतीला किंवा दिवाळीला जरूर जा. पण राहायला भारतीयांबरोबर राहू नका. वसतिगृहात एकट्याचा स्वयंपूर्ण फ्लॅट मिळत असेल तरी सामायिक स्वयंपाकघराचा मजला मागा, किंवा जर्मन विद्यार्थ्यांनी मिळून घेतलेल्या घरात, म्हणजे वेगेमध्ये, एक खोली घ्या. रोजचं अर्धा तास स्वयंपाकघरातलं बोलणं कुठल्याही वर्गाहून जास्त शिकवतं, कारण तिथे तीच वाक्यं पुन्हा पुन्हा येतात.

भाषाजोडीदार पहिल्या आठवड्यातच शोधा. विद्यापीठाचं भाषाकेंद्र जोड्या लावून देतं. हायडेलबर्ग, ग्योटिंगन, ट्युबिंगन, लाइपझिग अशा ठिकाणी भारतविद्या शिकवतात, तिथल्या विद्यार्थ्यांना संस्कृत-हिंदी वाचायला माणूस हवाच असतो. तासाचे दोन अर्धे करा, अर्धा तास त्यांची भाषा, अर्धा तास तुमची, आणि घड्याळ लावा, नाहीतर गप्पा इंग्रजीत घसरतात. याशिवाय विद्यापीठाच्या खेळवर्गांपैकी एक घ्या, शुल्क फार कमी असतं; गाता येत असेल तर गायनवृंदात जा. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, तीच माणसं भेटणं हे महत्त्वाचं.

समोरचा माणूस तुमचं अडखळणं बघून मदत म्हणून इंग्रजीवर जाईल. त्यात तुच्छता नसते. तुम्ही जर्मनमध्येच बोलत राहा, आणि एकदा स्पष्ट सांगा: ‘क्योनन विअर बिट्टे डॉइच श्प्रेह्यन? इह्य लेर्ने नोख.’ जर्मनमध्ये बोलू या का, मी अजून शिकतो आहे. बहुतेक जण आनंदाने बोलतात. विद्यार्थी एकमेकांना ‘डू’ म्हणतात, समोरचा वयाने दहा वर्षं मोठा असला तरी. मराठीतला वयाचा संकोच तिथे आणला तर उगाच अंतर पडतं. शिक्षकांना मात्र ‘झी’.

नोकरीचा विचार एका सेमिस्टरसाठी करू नका. परवानगी असते, पण मिळणारं काम गोदामातलं किंवा भांडी घासण्याचं असेल तर तिथे बोलणं होत नाही आणि संध्याकाळ जाते.

परतीची कामं निघण्याच्या सहा आठवडे आधी सुरू करा. वसतिगृहाचा करार बहुधा सेमिस्टरच्या शेवटच्या तारखेपर्यंत असतो, फेब्रुवारीत निघालात तरी मार्चचं भाडं लागू शकतं. मधे दुसऱ्या विद्यार्थ्याला खोली देता येते का ते विचारा. पत्त्याची नोंद रद्द करा आणि त्याचा दाखला नीट जपा, कारण तो दाखवूनच विमा आणि रेडिओ शुल्क बंद होतं. अनामत परत यायला काही आठवडे लागतात, म्हणून चालू खातं लगेच बंद करू नका. गुणपत्रक प्रत्येक शिक्षकाने गुण नोंदवल्यावरच निघतं. ज्यांचे गुण राहिले आहेत त्यांना निघण्याआधी भेटून या, भारतातून पाठवलेल्या ईमेलला उत्तर यायला फार वेळ जातो. पत्रकावर विषयाचं नाव लर्निंग अॅग्रीमेंटमधल्या नावाशी जुळतं का आणि ईसीटीएस लिहिलेले आहेत का ते तिथेच तपासा. विषय मधे बदलला असेल तर बदललेल्या कागदावर दोन्हीकडच्या सह्या असायला हव्यात, इथलं परीक्षा विभागाचं टेबल नेमकं तेच मागतं. आणि परतल्यावर महिन्या-दीड महिन्याच्या आत पुण्याच्या किंवा मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनात बी2 ची परीक्षा देऊन टाका; तारीख जर्मनीत असतानाच बघून नाव नोंदवा, त्या जागा लवकर भरतात.